सात नंबरचं पिंप

काठी वर आली आणि पिंपघरात सगळे चिडीचूप झाले.

ओल थेट वरून चौथ्या खुणेपर्यंत चढली होती. काडीनं काठी फडक्यानं कोरडी केली, पुन्हा बुचाच्या भोकातून आत सोडली, पुन्हा काढली. तीच खूण. तिसऱ्यांदा सोडायला लागली तेव्हा शेजारी उभा असलेला ठोक्या म्हणाला, "अगं, काठी आहे ती, लॉटरी नाही. दर खेपेला वेगळा नंबर लागणार का?"

काडी काही बोलली नाही. यावरूनच ठोक्याला कळायला हवं होतं की मामला गंभीर आहे. काडी म्हणजे घरातली धाकटी, छत्तीस वर्षांची, आणि या छत्तीस वर्षांत तिनं एकही टोमणा परतफेड न करता सोडलेला नव्हता. नाव बाबांनी पाडलेलं. व्हिस्कीच्या कारखान्यात काडी ओढायला बंदी असते आणि आपल्याकडे ही पेटलेलीच जन्माला आली, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. ठोक्या तिचा मधला भाऊ, तिच्याहून चार वर्षांनी मोठा. पिंपं बांधायची, उसवायची, गळकी फळी काढून नवी बसवायची, हे त्याचं काम. दिवसभर ठोकाठोक चालायची म्हणून ठोक्या.

सात नंबरचं पिंप एकतीस वर्षांपूर्वी बाबांनी स्वतः भरलेलं. भरलं तेव्हा अडीचशे लिटर. आता ओकच्या लाकडात पडून राहिलेली व्हिस्की दर वर्षी थोडी थोडी उडून जाते. लाकूड श्वास घेतं, त्याला कोण अडवणार. घरात त्याला वाऱ्याचा वाटा म्हणत. एकतीस वर्षांचा वाटा वजा केला तर सातमध्ये फार तर एकशे चाळीस लिटर उरायला हवी होती. काठी दाखवत होती दोनशे दहा.

कमी निघाली असती तर कुणी मनावर घेतलं नसतं. गळली म्हणाले असते, उन्हाळा कडक गेला म्हणाले असते. पण जास्त? एकतीस वर्षं झोपलेलं पिंप अंगानं भरतं कसं?

आणि हे कळायला आजचाच दिवस मिळाला होता. आज पाच जुनी पिंपं एकत्र करायची होती. बाहेरचा स्टीलचा मोठा हौद धुऊन, वाळवून, झाकून ठेवला होता. एकाच भट्टीची सिंगल माल्ट, पाच पिंपांतून निवडलेली, जेमतेम हजार बाटल्यांची लिमिटेड एडिशन, आणि लेबलवर मोठ्ठा तीसचा आकडा. अकरा वाजता सरकारी मोजणीवाले साहेब येणार, प्रत्येक पिंप मोजणार, कागदावर वय लिहिणार, मग पिंपं हौदात रिकामी होणार. आत्ता सव्वानऊ झाले होते.

काडीसाठी ही नुसती एडिशन नव्हती. बाबा गेल्यापासून अकरा वर्षं या घरची व्हिस्की बाहेरचा माणूस मिसळत होता. नाकवाला. वर्षातून दोनदा यायचा, गळ्यात मफलर, खिशात स्वतःचा पेला, आणि काडीकडे बघायचा ते पेला धुऊन घेण्यापुरतं. दोन वर्षांपूर्वी तिनं थोरल्या भावाशी, दादाशी, इतकं कडाक्याचं भांडण केलं की शेवटी तो वैतागून म्हणाला होता, एक एडिशन तुला देतो. जमली तर इथून पुढे मिसळणं तुझं. फसली तर नाकवाला आहेच, आणि मग तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. दोन वर्षं ती त्या एका वाक्यावर जगली होती. सकाळी काही न खाता हुंगायचं, दुपारी वहीत लिहायचं, संध्याकाळी खोडायचं. पाच पिंपांचं जे जमवलं होतं त्याचा कणा सात नंबर होता.

तिनं काठी भिंतीला टेकवली आणि एकेकाकडे बघितलं. बघण्यात ती पक्की होती.

पहिली गोष्ट, दादा ओरडला नव्हता. कपबशीवर डाग दिसला तरी आवाज चढवणारा माणूस स्वतःच्या बुटांकडे बघत उभा होता. दुसरी गोष्ट, ठोक्याचा हात पिंपाच्या पोटावरच्या एकाच फळीवर होता, बाकीच्यांपेक्षा जरा उजळ असलेल्या, आणि तो तिच्यावरून असा हात फिरवत होता जशी ती कुणाची तापलेली पाठ आहे. वहिनी, म्हणजे दादाची बायको, चष्मा पुसत होती, पण ती नेहमीच पुसायची, त्यात काही नवं नाही. आणि दाराजवळ बुटक्या स्टुलावर आई लोकरीचा मोजा विणत बसली होती. कुणाच्याही जन्ममरणात ती विणायची थांबत नसे.

खरं सांगायचं तर काडीचे स्वतःचे हातही स्वच्छ नव्हते. कारण सातला हात लावायचा नाही हा बाबांचा नियम. त्यांच्या हयातीत त्यात कुणी काठी घातली नाही आणि ते गेल्यावर कुणाचा जीव झाला नाही. काडीला चाचणीसाठी दादानं फक्त चमचा चमचा काढायची परवानगी दिली होती. चमच्यानं काय होतं? तिनं दोन वर्षांत आठ बाटल्या काढल्या होत्या. आणि काढल्या त्याची भरपाई म्हणून स्वतःच्या हातानं भरलेल्या पहिल्या पिंपातली, बारा वर्षांची, परत ओतली होती. काढली त्याहून जास्त. मन खातं म्हणून.

पण ते सगळं धरून वर चढली असती तर सात लिटर. इथे सत्तर जास्त होती. सात तिचे. बाकीचे त्रेसष्ट कुणाचे?

वहिनीनं चष्मा लावला. लेबलं, नोंदी, साहेबांची सरबराई, सगळं तिच्याकडे असायचं आणि घरात सगळ्यात कमी घाबरणारी तीच होती. ती शांतपणे म्हणाली की पिंपात बाहेरून काहीतरी पडलंय हे उघड आहे. कायदा साधा आहे, आत जो सगळ्यात कोवळा थेंब असेल त्याचं वय बाटलीवर लिहायचं. तेव्हा अकराच्या आत मला कळू दे, कुणी काय घातलंय.

बाहेर हौदाच्या झाकणावर एक पक्षी नखं वाजवत चालत होता, तेवढाच आवाज.

काडीला शांतता सोसत नसे. दुसरा कुणी असता तर पाच मिनिटं थांबला असता, आधी कोण बोलतं ते बघितलं असतं. तिनं पाच सेकंद दम धरला.

"मी घातलीय," ती म्हणाली. "बारा वर्षांची. आठ बाटल्या काढल्या होत्या, त्याबदल्यात."

आता दादाचा आवाज परत आला. आठ बाटल्या म्हणजे चमचे का, तुझ्याकडे चमचा केवढा आहे, एकदा विश्वास टाकला तर हे, बाबांच्या पिंपात तू काल भरलेलं पाणी ओततेस, असं तो बोलत सुटला आणि चालत सुटला, दोन ओळींमधून पुढे, मागे, पुढे. तीसची बारा करून ठेवलीस. आजचं सगळं रद्द. मी आत्ता नाकवाल्याला फोन करतो. काडी ऐकत राहिली. कान तापले, मानेपर्यंत लाल झाली, पण ऐकत राहिली, कारण तो बोलत होता ते काही खोटं नव्हतं. फक्त पूर्ण नव्हतं.

तो श्वास घ्यायला थांबला तेव्हा ती म्हणाली, "माझे सात लिटर. ते मी कपाळावर लिहून घेते. पण वर त्रेसष्ट आहेत. ते काय पिंपाला पाझर फुटला?"

दादा परत बुटांकडे बघायला लागला.

मग ठोक्याच बोलला, त्या उजळ फळीशी बोलल्यासारखा. अठरा वर्षांपूर्वी तो काम शिकत होता तेव्हा बाबांनी सात नंबरची एक चिरलेली फळी त्याला बदलायला दिली होती. त्यानं बसवली. बाबा शाबास म्हणाले. पण पिंपवाल्याला पिंप वाजवून आतली पातळी कळते, आणि पुढची काही वर्षं तो सातवर टिचकी मारायचा तेव्हा पातळी खाली गेलेली असायची. ती खालीच जाणार, वाऱ्याचा वाटा सगळ्याच पिंपांचा जातो. पण बाकीच्या पिंपांचं वारा नेत होता आणि सातचं मात्र त्याच्या फळीतून गळतंय, असं त्याच्या मनानं घेतलं. बाहेर ओल नाही, वास नाही, तरी गळतंय. मग टिचकी मारायचीही भीती वाटायला लागली, आणि तो न तपासताच दर वर्षी लिटरभर ओतायचा. अठरा वर्षांचीच, फळी बसवली त्या साली भरलेली.

"गळत नव्हतं रे," काडी म्हणाली.

"आता दिसतंय ते," ठोक्या म्हणाला. "अठरा वर्षं झोप उडाली माझी."

वहिनीनं दोघांचं कागदावर टिपलं आणि पेन हातात धरून नवऱ्याकडे वळली. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. तिला विचारावंही लागलं नाही. दादानं खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं, आणि सांगितलं. बाबा गेले त्या तारखेला तो दर वर्षी सातमधली एक बाटली काढायचा. बाबांच्या जुन्या भट्टीवाल्याला नेऊन द्यायचा, जो आता अंथरुणाला खिळला होता आणि ज्याला डॉक्टरांनी सगळं बंद केलं होतं. दोघं बसायचे. म्हातारा एक घोट घ्यायचा आणि उरलेली पुढच्या वर्षापर्यंत नुसती हुंगायचा. परत आल्यावर दादा बावीस वर्षांच्या पिंपातून दोन बाटल्या काढून सातमध्ये ओतायचा.

"एक काढायचात आणि दोन ओतायचात," वहिनी म्हणाली.

"अगं, एकच कशी ओतणार," दादा म्हणाला. "बरं दिसतं का ते?"

काडीला तिथेच हसू फुटलं. आवरेना. ठोक्याही खांदे हलवत वळला. कारण हे तिघांनाही एकाच ठिकाणाहून आलेलं होतं. लहानपणी शेजारून वाटीभर साखर आणली की आई परत देताना शीग लावून द्यायची. सपाट वाटी घेऊन दारात गेलेल्या पोराला तिनं अर्ध्या वाटेतून परत बोलावलेलं होतं. तीन पोरं, दोघांनी बापाच्या पिंपातून चोरली, एकाला नुसतं वाटलं आपण गळवली, आणि तिघांनीही शीग लावून परत केली.

वहिनी म्हणाली, "आमच्या माहेरी घेतलं तेवढंच परत करायचे. म्हणून वाचले मी." पण तिच्याही ओठाचा कोपरा हलला होता. मग तिनं कागदावर बेरीज केली, वाऱ्याचा वाटा अंदाजानं वजा टाकला, परत बेरीज केली, आणि पेनाचं टोक कागदावर आपटत राहिली. काडीची, ठोक्याची, दादाची, तिन्ही मिळून तीसच्या आसपास येत होती. उरलेली चाळीस लिटर अजून अधांतरी.

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. तिघांनी माना हलवल्या. मग तिघांच्याही माना एकदमच दाराकडे वळल्या.

आई टाके मोजत होती. ओळ संपेपर्यंत तिनं वर बघितलं नाही. मग मोजा मांडीवर ठेवला.

"तुम्ही एवढं का भांडताय तेच मला कळेना," ती म्हणाली. "मी पण घालायचे की."

दर महिन्याला एकदा, दुपारी, सगळे जेवून आडवे झाले की ती इथे येऊन बसायची. बाबा असताना दोघं बसायचे, त्या दोन ओळींच्या मधे, एकेक छोटा पेला घेऊन. ते गेले म्हणून आपण बसायचं का सोडावं, असं तिचं म्हणणं. एक पेला काढायचा, सावकाश प्यायचा, आणि जाताना एक छोटा जग ओतून जायचा.

"जग," दादा म्हणाला.

"पेल्याला पेला कसा देणार?"

"आई, तू व्हिस्की पितेस?"

"तू चड्डीत शाळेत जायचास तेव्हापासून."

आता वहिनी सुद्धा हसली, आणि वहिनी हसली की तिला ठसका लागायचा, त्यामुळे मिनिटभर तेच चाललं. काडीनं मात्र हसता हसताच विचारलं, कारण विचारायचं तेच राहिलं होतं. जग कुठल्या पिंपातून भरायचीस?

आईनं बोट केलं. दाराजवळचं पहिलं. बाकीच्यांची बुचं घट्ट, तिच्या हातानं निघत नाहीत. याचं ठोक्यानं सैल बसवलेलं आहे.

ठोक्यानं खडूनं लिहिलेली तारीख वाचायला वाकायची गरज नव्हती, तरी तो वाकला. ते पिंप सहा वर्षांपूर्वी भरलेलं होतं.

हसणं जसं आलं तसं ओसरलं. तीस नाही, बावीस नाही, अठरा नाही, काडीची बारा पण नाही. सहा. आणि सहा वर्षांची व्हिस्की दुकानात खालच्या फळीवर असते, पाहुणा फार जवळचा नसेल तर काढतात ती.

पहिला उपाय ठोक्याला सुचला आणि तो सुचायला नको होता. साहेब यायला तास आहे, सत्तर लिटर उपसून दुसरीकडे भरू, काठी एकशे चाळीसवर येईल, कोण विचारतंय. वहिनीनं त्याच्याकडे फक्त बघितलं. खोट्या कागदावर सही तिला करावी लागली असती. ठोक्यानं मग विषय सोडून दिला आणि कान खाजवला.

दुसरा उपाय दादाचा, आणि तो बिनतोड होता. सात नंबर काढून टाकायचा. उरलेली चार पिंपं सगळी तीसच्या वरची, त्यांना कुणाचा हात लागलेला नाही. चारांची एडिशन करायची. आकडा खरा, लेबलं खरी, बाटल्या थोड्या कमी, बस. मिसळायचं प्रमाण नव्यानं बसवावं लागेल, त्याला नाकवाल्याला आठवडाभर बोलावू. तो हे रागानं बोलत नव्हता, समजुतीनं बोलत होता, आणि काडीला तेच जास्त झोंबलं. रागावलेल्या दादाशी लढता येतं. समजूतदार दादा म्हणजे भिंत.

ठोक्या म्हणाला, तसं बघितलं तर बरोबर आहे. वहिनीनं कागद उलटून चारांचा हिशोब मांडायला घेतला, म्हणजे तिलाही ते बरोबर वाटत होतं.

काडी काहीतरी जहरी बोलणार होती. जिभेवर आलं होतं, नाकवाल्याच्या मफलरवरून. पण ती वळली आणि कोपऱ्यातल्या कपाटातून दोन बाटल्या घेऊन आली, चाचणीच्या, साध्या, चिठ्ठी डकवलेल्या. एकीवर चार लिहिलेलं, म्हणजे सात नंबर सोडून केलेली, एकीवर पाच, म्हणजे सात धरून. तिनं उभ्या ठेवलेल्या एका रिकाम्या पिंपाच्या झाकणावर पेले मांडले. चारमधली थोडी थोडी ओतली, प्रत्येकात तीन थेंब पाणी टाकलं, आणि प्रत्येकाच्या हातात पेला दिला. दादाच्याही. दादानं दोन वर्षांत तिचं मिश्रण एकदाही चाखलं नव्हतं. शेवटच्या दिवशी बघू, असं तो म्हणत आला होता. आज तो दिवस होता, त्यामुळे त्याला नाही म्हणता येईना.

चारची चांगली होती. वाळलेली संत्र्याची साल, जळकट साखर, जुन्या कपाटाचं लाकूड. सगळं जागच्या जागी. आईनं घोट घेऊन मान हलवली, छान आहे. वहिनी म्हणाली, उंची वाटते. दादानं पेला खाली ठेवला आणि काडीकडे असं बघितलं की झालं ना मग.

"आता हे," काडी म्हणाली.

पाचमध्ये तेच सगळं होतं, संत्रं, साखर, लाकूड. पण मधे आणखी काहीतरी होतं. काडीनं दोन वर्षं त्या जागेला नाव शोधलं होतं. वहीत सात नंबरपुढे तिनं अक्रोड लिहून खोडलं होतं, ओला दोरखंड लिहून खोडलं होतं, उन्हात तापलेली उशी लिहून खोडलं होतं, आणि शेवटी नुसतं प्रश्नचिन्ह ठेवलं होतं. एखाद्या खोलीत शिरावं आणि माणसं नुकतीच उठून गेलेली असावीत, खुर्च्या अजून कोमट असाव्यात, तसं काहीतरी. तिला वाटायचं तो बाबांचा हात आहे. त्यांचं काहीतरी गुपित, जे ते सांगून गेले नाहीत. त्या प्रश्नचिन्हासमोर ती कितीदा रडकुंडीला आली होती, आणि ते दाराजवळच्या पिंपातले जग निघाले. तिला एक क्षण फसवल्यासारखं वाटलं. दुसऱ्या क्षणी वाटलं, बरं झालं. बाबांच्या गुपिताशी आयुष्यभर झुंजण्यापेक्षा आईच्या जगाशी जमवून घेणं सोपं.

"चारमध्ये चार पाहुणे बसलेत," ती म्हणाली. आवाज चढू नये म्हणून हळू बोलत होती. "चौघेही भारी. पण एकमेकांशी बोलत नाहीत. पाचमध्ये घरचं कुणीतरी आहे, म्हणून बोलतायत. नाकवाला येऊन चारांचं आणखी गुळगुळीत करेल, मला माहितीय. तीस लिहायची असेल तर तेच करा. पण ती मी केली असं नका सांगू."

आईनं दुसरा घोट घेतला, डोळे मिटून, आणि मोजा उचललाच नाही. ठोक्यानं पेला संपवला. पेला संपवणं हे त्याचं मत. वहिनी पेल्याच्या तळाशी बघत राहिली. मग म्हणाली की आठशे पन्नास लेबलं छापून आलीत, बाकीची वाटेवर आहेत, आणि ती आता कपाटात अस्तर लावायला कामाला येतील. दादा म्हणाला, म्हणजे? ती म्हणाली, "म्हणजे पाच. अहो, तीस बघून लोक एकदा घेतील. ही प्यायला परत येतील. साहेबांशी मी बोलते, तुम्ही मधे पडू नका."

चोवीस वर्षांत वहिनी काडीच्या बाजूनं उभी राहिल्याची ही पहिलीच खेप. काडीनं तिच्याकडे बघायचं टाळलं. बघितलं असतं तर गळ्यात पडावं लागलं असतं, आणि ते दोघींनाही जमणारं नव्हतं.

दादा पेला घेऊन खिडकीशी गेला. पाठमोरा उभा राहिला. परत आला तेव्हा पेला रिकामा होता आणि त्यानं तो काडीपुढे धरला. तिनं ओतली. पाणी घालायला लागली तर त्यानं हात आडवा केला.

"हे बाबांचं नाही," तो म्हणाला.

"नाही."

त्यानं अजून एक घोट घेतला. "बाबांना जमलं नसतं हे. त्यांनी कुणाला आत काही घालूच दिलं नसतं."

पुढे काय ते तो बोलला नाही, कारण अंगणात गाडीचं दार आपटलं. साहेब दहा मिनिटं आधीच आले होते. नेहमीसारखेच, एका हातात पेटी, दुसऱ्या हातात छत्री, आभाळ कसंही असो. त्यांनी पेले बघितले आणि न बघितल्यासारखं केलं. चार पिंपं मोजून झाली. सातमध्ये काठी घातली, काढली, पुसली, परत घातली. ठोक्या तोंड दाबून भिंतीकडे वळला.

साहेब म्हणाले की पंचवीस वर्षं नोकरी झाली, पिंपात कमी भरलेलं रोज बघतो, जास्त भरलेलं आज पहिल्यांदा बघतोय. वहिनीनं त्यांच्यापुढे कागद ठेवला. कुठल्या पिंपातून किती, अंदाजे केव्हा, सगळं याच भट्टीचं, याच घरातलं, बाहेरचा थेंब नाही. नोंदी वेळच्या वेळी झाल्या नाहीत ही चूक आमची, त्याचा जो काही खुलासा मागाल तो लिहून देते. साहेबांनी कागद दोनदा वाचला. "दर महिन्याला एक जग" इथे त्यांचं बोट थांबलं. त्यांनी दाराकडे बघितलं. आईनं त्यांना मान लववली, ओळखीच्या माणसाला लववतात तशी. खुलासा लेखी द्यावा लागेल, तीन दिवसांत, असं म्हणून त्यांनी फॉर्म काढला, खाली दोन कार्बन घातले आणि रिकाम्या पिंपाच्या झाकणावर ठेवला.

"वय काय लिहू?"

या प्रश्नाचं उत्तर या घरात नेहमी दादा द्यायचा. सगळे त्याच्याकडे बघत होते. काडीही बघत होती, आणि तिला कळलं की तो उत्तर देत नाहीये. पेल्यातल्या उरलेल्या घोटाकडे बघतोय.

"सहा," काडी म्हणाली.

साहेबांनी पेन थांबवलं. सात धरलं तर सहा होतात, नाही धरलं तर तीस, हे ध्यानात आहे ना, असं त्यांनी विचारलं. ते वाईट माणूस नव्हते. तिनं सांगितलं की आहे. दादानं नुसता घसा साफ केला. साहेबांनी सहा लिहिलं, अंकात आणि अक्षरात. मग सवयीनं फॉर्म फिरवून दादापुढे सरकवला. खालच्या ओळीत मिसळणाऱ्याचं नाव आणि सही हवी होती. अकरा वर्षं तिथे दादा नाकवाल्याचं नाव घालून त्याच्या वतीनं सही करत आला होता.

दादानं दोन्ही हात खिशात घातले.

"माझ्याकडे काय देताय," तो म्हणाला. "इथून पुढे तिच्याकडे द्यायचा."

साहेबांनी फॉर्म काडीपुढे केला. तिनं पेन घेतलं. डोळ्यांपुढची ओळ जरा हलायला लागली होती, आणि ती कुणाला दिसू नये म्हणून तिनं मान खाली घातली आणि दातओठ खाऊन सही केली. अशी दाबून की वरचा कागद एका जागी फाटला, दोन्ही कार्बन पार झाले, आणि साहेबांनी फॉर्म उचलला तेव्हा खाली ओकच्या झाकणात तिची अख्खी सही उमटलेली होती.

ठोक्या वाकून बघायला आला. अंगठ्यानं चाचपून म्हणाला, "चांगली फळी खराब केलीस."

"तुझ्याकडे रंधा आहे ना?"

"आहे," ठोक्या म्हणाला, आणि तिथेच उभा राहिला.